पंख्याच्या बटनावरची चिकटपट्टी

फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात मुगाच्या वाटणात होते. मी आंजीला माहेरी गेले होते, भावजयीसोबत गच्चीवर मुंगवड्या घालत होते. जुन्या लुगड्यावर माझ्या वड्या रांगेनं, सारख्या अंतरावर पडत होत्या. भावजय हसून म्हणाली, "ताईबाई, तुमच्या पाहा, जशा फूटपट्टीनं ठेवल्या. आमच्या पाहा, कोंबडीनं उकरल्यासारख्या." मी म्हणणार होते की ही सवय सुलभाताईची, तिच्या टेबलावर बसून बसून लागली... तेवढ्यात फोन वाजला. हात भरलेले म्हणून भावजयीनंच तो माझ्या कानाला लावला. पलीकडे सुलभाताईचे यजमान होते. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. एसटीत कंडक्टर आहेत, आवाज गाडीच्या मागच्या सीटपर्यंत जाणारा. त्या दिवशी तो आवाज ओळखू येईना. "इंदू, सुलभा राह्यली नाई," ते म्हणाले. मग म्हणाले, "पंप टेबलावरच होता वं. हातभर दूर. घेतला काऊन नसन तिनं?"

मला रडू आलं नाही. आधी राग आला. तिचा दम्याचा पंप हातभर दूर का होता, हे मला ठाऊक होतं. भाऊंना ठाऊक नव्हतं.

आता पुण्यानुमोदन होऊनही काही आठवडे झाले. विहारात लोक ताईबद्दल चांगलं बोलले. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी मागे सरकून भिंतीशी बसले. चार लोकांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, पुढे लिहिण्यावाचण्याचा संबंध राहिला तो ताईमुळेच, कारण इलेक्ट्रॉनिक बोर्डावरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय आमचं काम होत नाही. तेव्हा जे तिथे बोलता आलं नाही ते इथे लिहिते. कोणाला दाखवायचं नाही.

माझं सासर सिंदी मेघेला, ताईच्या घराला लागून. मी शिंप्यांकडून तुरपाई आणायची, साड्यांना फॉल लावायची आणि उजेडासाठी ताईच्या ओट्यावर येऊन बसायची. ताई आयटीआय शिकलेली. बुटीबोरीला एका कंपनीत बोर्डांवर पार्ट बसवायचं काम तिनं बरीच वर्षं केलं. पुढे तिथे यंत्रं आली, हातानं बसवणाऱ्या बायकांची गरज राहिली नाही. ताई घरी आली आणि समोरच्या खोलीत टेबल टाकून बसली. जो कोणी नवीन यंत्र बनवतो त्याला आधी पाहून घ्यायला चार-दोनच बोर्ड लागतात, आणि तेवढ्यासाठी मोठी यंत्रं कोणी चालू करत नाही. ते हातानंच करावे लागतात. वर्ध्यातून, नागपुरातून अशी माणसं तिच्याकडे यायची. एक दिवस ती ओट्यावर आली, माझी तुरपाई हातात घेतली, उलटी करून पाहिली आणि म्हणाली, "तुले चष्मा आहे काय?" मी नाही म्हणून मान हलवली. "हात कापते?" मी पुन्हा मान हलवली. "मंग उद्यापासून आत बसजो. साडीचा काठ काय पळून जाते?" दुसऱ्या दिवशी मी जाऊन बसले.

त्या खोलीत पहिली गोष्ट कळली ती पंख्याची. पंखा छताला होता, पण त्याच्या बटनावर पिवळी चिकटपट्टी लावलेली. ही आमच्या कामातलीच, उष्णतेनं न वितळणारी. आमचे पार्ट राजगिऱ्याच्या दाण्याएवढे, काही तर त्याहूनही लहान. पंख्याचा वारा सोडा, जोरानं श्वास सोडला तरी उडून जातात. म्हणून पंखा नाही, कूलर नाही, खिडकी बंद. वर्ध्याच्या मे महिन्यात. शेजारच्या बायका डोकावायच्या आणि पदरानं वारा घेत म्हणायच्या, "फॅन तरी लावा वो बाई, जीव जाईन." ताई भिंगाच्या दिव्यातून मान न काढता सांगायची, "ज्याले फॅन पाह्यजे त्यानं बाहेर बसावं. आत हवा खायले मनाई आहे." तेव्हा आम्ही सगळ्या हसायचो.

काम तिनं असं शिकवलं. बोर्डावरच्या एका जागेवर सोल्डरचा, म्हणजे वितळलेल्या कथलाचा, टिपूस घ्यायचा. चिमट्यानं पार्ट धरायचा, सोल्डरच्या गनचं तापलेलं टोक टेकवायचं आणि एकच बाजू चिकटवायची. मग भिंगातून पाहायचं, सरळ बसला का. सरळ असेल तरच दुसरी बाजू. हे सगळं होईपर्यंत श्वास धरून ठेवायचा. "श्वास धर, मंग ठेव," एवढंच ती म्हणायची. चांगलं झालं असं तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. वाकडं झालं की मात्र लगेच ऐकायला मिळायचं. "हा पाह्य, मांडवात रुसलेल्या जावयासारखा बसला. उठव त्याले." मी उठवायची, पुन्हा बसवायची. कधी कधी घरी जाऊन सासूवर राग काढावासा वाटायचा, पण तेही माझ्याच्यानं झालं नाही.

दुसरा नियम खाली पडलेल्याचा. हे पार्ट लांब फितीत येतात, फितीवर माप लिहिलेलं असतं. पण त्यातल्या कपॅसिटर नावाच्या पार्टवर काहीच लिहिलेलं नसतं. फितीतून निघाला की तो कोणत्या मापाचा, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. माझ्या हातून पहिल्यांदा एक पडला तेव्हा मी लगेच वाकले. आमच्या घरी जमिनीवर सांडलेली ज्वारीसुद्धा वेचून घेतात, सवय तीच. ताईनं माझं मनगट धरलं. "तो मेला," ती म्हणाली. मी म्हटलं, "आता त पडला ताई, इथंच असन." ती म्हणाली, "इथं त किती पडले असन आजवर. झाडूनं निघते काय ते? फरशीच्या फटीत बसले असन सगळ्या मापाचे. तू उचलशीन तो तुयाच कशावरून? खाली पडला तो मेला. फितीतून दुसरा घे." त्या दिवसानंतर मी खाली पाहिलं नाही. एवढी वर्षं पायाखाली काय काय पडलं असेल, कोणास ठाऊक.

आता धुराचं. सोल्डरच्या तारेत राळ असते, गन लागली की तिचा धूर निघतो. वास तसा वाईट नाही, विहारातल्या धूपासारखा. पण बंद खोलीत तो कुठे जाणार... तो सरळ वर यायचा, भिंगावर वाकलेल्या तोंडाशी. ताईला आधी खोकला लागला. मग रात्री छाती वाजायला लागली. भाऊंनी दवाखान्यात नेलं. दमा निघाला, तोंडानं ओढायचा पंप मिळाला. डॉक्टरांनी विचारलं, धुराचं काम करता काय? ताईनं सांगितलं, "नाई, स्वयंपाक गॅसवर आहे." मी सोबत होते. मी बोलायला हवं होतं असं वाटून मी तिच्याकडे पाहिलं, तर तिनं डोळे असे वटारले की मी छतावरचा पंखा पाहत बसले.

घरी येताना ऑटोत मी म्हटलं, "खोटं काऊन बोलली?"

"खरं बोलली असती त काम सोडाले लावलं असतं त्यानं. मंग तू काय करशीन? फॉल?"

"माह्या फॉलचं सोड. तू आपलं पाह्य."

"पाहून राह्यली ना. पंप घेतला ना."

पण पंप घेतला की ताईचा हात थरथरायचा. तासभर तरी. डॉक्टर म्हणाले होते, असं होतं, काळजीचं नाही. ज्यांना राजगिऱ्याएवढा दाणा चिमट्यात धरायचा नसेल त्यांच्यासाठी ते खरंच काळजीचं नसेल. ताईनं तिच्या पद्धतीनं हिशेब लावला. काम आधी, पंप नंतर. छाती घट्ट झाली तरी बोर्ड संपेपर्यंत पंप घ्यायचा नाही. पंप टेबलावर ठेवायचा, पण चुकून हात जाऊ नये म्हणून जरा लांब. हातभर. ती वाकून बसलेली असायची, श्वासाला बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा, आणि तरी तोंडानं चालूच, "श्वास धर, मंग ठेव." ज्या बाईला श्वास घेताच येत नव्हता ती मला श्वास धरायला सांगत होती. मला तेव्हा हसावं की टेबल उलटं करावं हे कळायचं नाही.

निखिलसर वर्ध्याच्या एका कॉलेजात शिकवतात आणि सुट्टीत यंत्रं बनवतात. आमचं बरंचसं काम त्यांचंच. त्यांनी ताईचा खोकला ऐकला आणि पुढच्या खेपेला धूर ओढून घेणारा एक छोटा पंखा आणून दिला. तो वारा सोडत नाही, मागून धूर खेचतो, त्याच्या तोंडाशी कोळशाची गादी असते. सरांनी लावून दाखवला, बोर्डावरचा एकही पार्ट हलला नाही. ताईनं त्यांना चहा पाजला, धन्यवाद दिले आणि ते गेल्यावर पंखा खोक्यात घालून कपाटावर ठेवून दिला. मी विचारलं तर म्हणे, "त्याची घरघर डोक्यात जाते." मी खोकं खाली काढलं की ती वर ठेवायची. मी परत काढायची. असं आमचं किती दिवस चाललं. शेवटी मी सोडून दिलं. भांडायला आवाज लागतो, तो माझ्याजवळ नाही.

या उन्हाळ्यात निखिलसरांचं काम आलं. कापसाच्या गाठीतला ओलावा मोजायचं यंत्र, त्याचे पाच बोर्ड. दोन मी करायचे, तीन ताईनं. त्या आठवड्यात तिची छाती फारच वाजत होती. एका सकाळी मी हातात चिमटा घेतलाच नाही. नुसती बसून राहिले. "काय वं, संप आहे काय?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "तू पंप घे, तवा मी काम करीन." मी असं कधी बोलले नव्हते. तिनं भिंगाचा दिवा बाजूला सारला. मग पंप उचलला, ओढला, ठेवून दिला आणि म्हणाली, "झालं समाधान? कर आता." मला इतकं बरं वाटलं की मी चहा टाकायला उठले.

चहा घेऊन आले तर ताई टेबलाखाली गुडघ्यांवर. हातात मोबाईलचा टॉर्च, गाल फरशीला लागलेला. मी म्हटलं, "काय झालं?" ती म्हणाली, "कानातलं पडलं वं." मी कप ठेवून मदतीला वाकले तर म्हणाली, "सापडलं, सापडलं. उठ." उठून बसली. चहा प्यायली. दोन्ही कानांत कानातलं होतं, मी पाहिलं. सापडलं म्हणजे घातलं असेल, असं मला वाटलं.

पाच बोर्डांपैकी चार सुरू झाले. पाचवा, ताईचा, काही केल्या जागा होईना. निखिलसर म्हणाले, राहू द्या, नंतर पाहू. ताईला ते सहन झालं नाही. तिच्या टेबलावरून बंद बोर्ड कधी गेला नव्हता. त्यात माझं आंजीला जायचं ठरलेलं. निघताना मी म्हटलं, "पंप घेजो." तिनं हात हलवला. "जा तू. मुंगवड्या आणजो माह्यासाठी." ती भिंगाखाली वाकलेली होती, पाचवा बोर्ड समोर, आणि पंप हातभर दूर.

मी मुंगवड्या आणल्या. पिशवी अजून माझ्या घरी खुंटीला आहे.

पुण्यानुमोदनानंतर निखिलसर बोर्ड न्यायला आले. भाऊ आतल्या खोलीत होते. सर म्हणाले, "इंदूताई, चार चालतात, पुरेसे आहेत. पाचवा राहू द्या, आठवण म्हणून." मला काय झालं कोण जाणे, मी तो बोर्ड उचलून पदराआड धरला. "बंद आठवण काय करू?" मी म्हटलं. "काय बिघडलं ते सांगा. दुरुस्त मी करते." सरांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी ते आपलं तपासायचं यंत्र घेऊन आले, त्याच्या पडद्यावर हिरवी रेघ. इथे तिथे सुई टेकवत गेले आणि बऱ्याच वेळानं म्हणाले, "मुख्य चिपचा ठोकाच सुरू होत नाही. तिच्या शेजारी दोन कपॅसिटर आहेत ना, एकाच मापाचे? तिथे काहीतरी आहे."

मी भिंगाचा दिवा ओढला. दोन्ही सरळ बसलेले, टाक्यांना चमक, ताईचंच काम. पण एक फिकट होता आणि दुसरा जरा गडद. एकाच फितीतले दोन वेगळ्या रंगाचे कसे असतील? मी गडद उठवला, सरांनी मोजला. त्याचं माप भलतंच निघालं. "फीत चुकली असेल," ते म्हणाले. ताईची फीत चुकत नव्हती. मी तिच्या बाजूला ठेवलेली फीत उचलून पाहिली. रिकामी होती.

मग मला कानातलं आठवलं.

पंप घेतला, हात थरथरला, फितीतला शेवटचा दाणा उडाला. जिनं माझं मनगट धरून सांगितलं होतं की पडला तो मेला, ती गाल फरशीला लावून तो शोधत होती. आणि तिला सापडला तो दुसराच, कधीचा पडलेला. त्याच मापाची फीत माझ्या बाजूला होती, त्यात उरलेले होते. तिला एवढंच म्हणायचं होतं, इंदू, एक दे. एवढे तीन शब्द. ते म्हटले असते तर मला कळलं असतं की हात थरथरला, पंपानं थरथरला, आणि पंप मीच घ्यायला लावला होता. मला वाईट वाटू नये म्हणून बोलली नाही, की थरथरणारा हात मला दिसू नये म्हणून? आता कोणाला विचारायचं... आणि मग तोच बोर्ड बंद पडला म्हणून तोच दुरुस्त करायला बसली, तर हात थरथरू नये म्हणून पंप न घेता. मी एकदा आग्रह केला, तिनं एकदा ऐकलं, आणि त्यातून ती शिकली ते हेच. ती समोर असती तर मी त्या दिवशी नक्की ओरडले असते. आवाज नसताना ओरडले असते.

मी कपाटावरचं खोकं काढलं, धुराचा पंखा टेबलावर ठेवला, सुरू केला. घरघरतो, खरं आहे. माझ्या फितीतला एक दाणा घेतला, एक बाजू चिकटवली, पाहिलं, दुसरी चिकटवली. सरांनी लॅपटॉप जोडला. बोर्डावर हिरवा दिवा लागला, विझला, लागला. सर म्हणाले, "झाला सुरू," आणि डोळे पुसत सामान गाडीत ठेवायला बाहेर गेले.

गडद कपॅसिटर समोर पांढऱ्या कागदावर होता. मी तो ठेवून घेणार होते, कशासाठी ते ठाऊक नाही. श्वास मघापासून धरलेला होता, तो सोडला, आणि कपॅसिटर कागदावरून उडाला. मी मोबाईलचा टॉर्च लावून टेबलाखाली गेले. गुडघे टेकले, गाल फरशीला लावला. फटींत धूळ होती, सोल्डरचे मणी होते, आणि बारीक बारीक दाणे, कुठलाही तोच वाटावा असे.

दारात भाऊ येऊन उभे राहिले. "काय पडलं वं इंदू?"

"कानातलं," मी म्हटलं.

हे तोंडून कसं निघालं ते मला सांगता येणार नाही. त्यांना मी काय सांगणार होते? तो पंप हातभर दूर का होता, ते? माणूस समोर उभा असला की काही गोष्टी सांगता येत नाहीत, एवढं त्या फरशीवर मला समजलं. ताईवरचा राग त्यानं कमी झाला नाही. पण कानातल्याच्या त्या खोट्याबद्दल तिला विचारायचं होतं, ते आता उरलं नाही.

भाऊ म्हणाले, "इतक्या गर्मीत काऊन बसते, फॅन तरी लाव," आणि त्यांचा हात सवयीनं बटनाकडे गेला. बोट चिकटपट्टीवर थांबलं. त्यांनी ती काढली नाही. हात खाली घेऊन ते आत निघून गेले.

मग मीच उठले आणि एका कोपऱ्यातून ती हळू सोलली. तिच्याखालचं बटन पांढरं निघालं, बाकी पाटी पिवळी पडलेली. पंखा आधी नुसता गुरगुरला, मग फिरला, कित्येक वर्षांची धूळ टेबलावर आली. मी खिडकी उघडली. खाली पडलेलं जे काही होतं ते जाईल तिकडे जाऊ दिलं.

टेबल भाऊंनी राहू दिलं आहे. काम येतं, मी करते. एक बोर्ड झाला की चिकटपट्टी काढते, पंखा लावते, धूर जाईपर्यंत ओट्यावर उभी राहते. मग परत आत येऊन तीच चिकटपट्टी बटनावर लावते. तिचा चिकटपणा संपत आला आहे, एक कोपरा उचलतो, तो अंगठ्यानं दाबून धरावा लागतो. नवीन रीळ खणात पडलेलं आहे. कापायला हात होत नाही.